न पुसता येणारी वही आणि उजाड डोंगर
(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

मागच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले होते, "उजाड डोंगर पुन्हा उभे करायला सरकारकडे पैसा नाही. तो ब्लॉकचेनमधून उभा राहत असेल, तर आपला विरोध कशासाठी?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला घोषणेने उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून आज थोडे सविस्तर बोलतो.

ब्लॉकचेन म्हणजे मूलतः जमाखर्चाची वही. तिची प्रत एकाच पेढीवर न राहता असंख्य संगणकांवर राहते, आणि प्रत्येक नवे पान मागच्या पानाशी अशा रीतीने गुंफलेले असते की जुनी नोंद कोणाला गुपचूप खोडता येत नाही. ही सोय खरी आहे. तिच्यावरचा एक नेहमीचा आक्षेप तर आपण सोडूनच द्यावा. ही यंत्रणा बेसुमार वीज खाते, हे बिटकॉइनच्या बाबतीत खरे आहे; पण इथेरिअमने सप्टेंबर 2022 मध्ये आपली पद्धत बदलली आणि तिचा वीजवापर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला. शिळा मुद्दा रेटत राहिलो, तर तरुण आपले ताजे मुद्देही ऐकणार नाहीत.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखला, किंवा झाडांत साठवला, असे प्रमाणपत्र म्हणजे कार्बन क्रेडिट. ते विकत घेऊन कारखानदार आपल्या धुराची भरपाई झाल्याचे दाखवतो. व्हेरा ही अमेरिकेतील संस्था अशा प्रमाणपत्रांची मोठी नोंदणी ठेवते. ऑक्टोबर 2021 मध्ये टूकन नावाच्या मंडळींनी एक व्यवस्था सुरू केली. व्हेराच्या दप्तरी प्रमाणपत्र 'वापरले गेले' म्हणून बंद करायचे आणि त्याच्या बदल्यात पॉलिगॉन या साखळीवर एक टोकन काढायचे. (पॉलिगॉन ही 2017 साली भारतीय तरुणांनी सुरू केलेली साखळी, बुद्धिमत्तेचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.) त्याच महिन्यात क्लायमाडाओ हा गट पुढे आला आणि स्वतःचे नाणे काढून ही टोकने साठवू लागला. युक्तिवाद असा की, प्रमाणपत्रे आम्ही बाजारातून उचलली की त्यांचा भाव चढेल; भाव चढला की धूर सोडणे महाग होईल आणि जंगल लावणे परवडू लागेल.

ऐकायला हे सुसंगत वाटते. पण बाजारात आले काय? टूकनच्या साठ्यात प्रत्येक टन दुसऱ्या टनासारखाच धरला जात होता. एक प्रमाणपत्र जमा केले की एक टोकन, मग ते कुठल्याही प्रकल्पाचे असो. सोळाव्या शतकातील सर टॉमस ग्रेशॅम यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो: खरे आणि हिणकस नाणे एकाच दर्शनी किमतीने चालू लागले, की लोक खरे नाणे घरात ठेवतात आणि हिणकस पुढे करतात. इथे अक्षरशः तेच झाले. जुने जलविद्युत आणि पवनऊर्जा प्रकल्प केव्हाच उभे राहिले होते. त्यांची गिऱ्हाईक न मिळाल्याने पडून राहिलेली प्रमाणपत्रे या साठ्यात येऊन पडली. सुमारे दोन कोटी टनांची प्रमाणपत्रे साखळीवर चढली. पण जुन्या धरणाच्या कागदाला भाव आला म्हणून कुठल्या डोंगरावर नवे रोप लागत नाही. क्लायमाचे नाणे ऑक्टोबर 2021 मध्ये तीन हजार डॉलरांच्या वर गेले होते. 2022 च्या मध्यास ते दहा डॉलरांच्याही खाली आले. आणि मे 2022 मध्ये, बंद झालेल्या प्रमाणपत्रांवर टोकने काढण्यास व्हेराने मनाई केली.

या साऱ्या व्यवहारात वही कोणी खोडली नाही, हे लक्षात घ्या. वही निर्दोष होती. नोंद बदलली जाणार नाही एवढीच हमी ती देते; नोंद करताना माणूस खरे बोलला की नाही, हे वहीला कळण्याचा मार्गच नसतो.

आणि वहीत काय लिहिले जाते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना विस्तारली, वि. स. पागे यांच्या खटपटीने 1977 चा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही पर्यावरणाच्या पुनरुज्जीवनाचीच कामे होती. त्या काळी त्यांना हे भारदस्त नाव नव्हते, इतकेच. त्यासाठीचा पैसा शहरातल्या पगारदारांवरील व्यवसाय करातून आला आणि तितकीच भर राज्याने घातली. माझ्या पगारातूनही तो कर कापला जाई, आणि सहकारी प्राध्यापकांची त्यावरची कुरकुर मी वर्षानुवर्षे ऐकली आहे. तरी त्यात सट्टा नव्हता. पैसा शहरातून निघत होता आणि मजुरीच्या रूपाने खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती पडत होता.

त्या योजनेतही हजेरीपटावर खोटी नावे चढली, हे आपण नाकारू नये. पण त्यावरचा उपाय राजस्थानातल्या मजुरांनी शोधला. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कागदांतल्या नोंदी भर सभेत वाचून दाखवल्या, आणि ज्यांची नावे त्यात होती ती माणसे समोर बसलेली होती. नोंद पडताळणारा माणूस त्या जागी हजर होता. टोकनाच्या बाजारात नेमका तोच गैरहजर असतो.

आता पैशाविषयी. सरकारकडे पैसा नाही, हे गृहीतकच मला मान्य नाही. जंगलाची जमीन घेणाऱ्या प्रकल्पांकडून वसूल झालेल्या भरपाईपैकी 47,436 कोटी रुपये ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने 27 राज्यांना दिले. अडचण निराळी आहे. 2016 च्या भरपाई वनीकरण निधी कायद्यात ग्रामसभेची संमती बंधनकारक करावी, ही मागणी संसदेत झाली होती; ती कायद्यात आली नाही. त्यामुळे झाडे कुठे, कोणती आणि कोणाच्या चराईच्या जमिनीवर लावायची, हे वनखातेच ठरवते. याउलट गडचिरोलीतील मेंढा-लेखा पाहा. 2009 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगल राखण्याचा खर्च जंगलाच्या उत्पन्नातून निघू लागला, कारण ते उत्पन्न कोणाचे, याचा निकाल आधी लागला होता.

म्हणून, मित्रहो, माझा विरोध यंत्राला नाही. एखाद्या ग्रामसभेने आपल्या मजुरीचा हिशेब अशा वहीत ठेवायचे ठरवले, तर मी तो आनंदाने शिकेन. पण कोणी कंपनीचा प्रतिनिधी डोंगराच्या कार्बनचा करार घेऊन आला, तर सहीपूर्वी काही गोष्टी विचारून घ्या. झाडांतला कार्बन कोणाच्या मालकीचा? करार किती वर्षांचा, आणि त्या काळात चराई व सरपण यांचे काय? टोकनाचा भाव कोसळला, तर रखवालदाराची मजुरी कोण देणार? वणवा लागला, तर भरपाई कोणाकडून? आणि हे सारे मराठीत लिहून ग्रामसभेत वाचले गेले आहे काय?

तुमच्या तालुक्यात असा एखादा करार आधीच झाला असेल, तर त्याची प्रत जिल्हा कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या बैठकीत आपण तो ओळीने वाचू.