यकृताचं कलम

श्रोतेहो, आंब्याचं कलम बांधणं तुम्हांला नवं नाही. खुंटानं फांदी आपली मानली, तरच कलम जगतं. उजव्या बरगडीखालच्या यकृताचंही तसंच आहे.

१९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी डॉ. थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या एका मुलाला मृताचं यकृत बसवलं. रक्तस्राव थांबेना, मूल शस्त्रक्रियेतच दगावलं. पुढचे रोगीही महिन्याच्या आत गेले. स्टार्झल यांनी हे अपयश लपवलं नाही, छापून जाहीर केलं. मग सुमारे तीन वर्षं त्यांनी या शस्त्रक्रिया थांबवल्या. शरीर परकं यकृत झिडकारतं, ते कसं आवरावं, याचे प्रयोग कुत्र्यांवर केले. १९६७ साली दीड वर्षाची एक मुलगी रोपणानंतर वर्षाहून अधिक जगली. १९८० मध्ये त्यांनी सायक्लोस्पोरिन हे नवं औषध स्टेरॉइडच्या जोडीनं वापरलं, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून निम्म्याच्या पुष्कळ वर गेलं. आज हे रोपण भारतातही होतं.

शिक्षकबंधुभगिनींनो, विज्ञान शिकवताना मुलांना शोधांची सालं सांगालच. त्यांबरोबर थांबण्याची ती तीन वर्षंही सांगा.