कृष्णाबाईची दुहेरी भूमिका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी नटाला हिंदी चित्रपटात नोकराचे नाही तर हवालदाराचे काम मिळते, ही तक्रार जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील एका मराठी बाईने मात्र या क्षेत्रात भलतेच नाव काढले आहे, किंवा खरे सांगायचे तर नाव घालवले आहे. तिचा जन्म महाबळेश्वरचा, वाईकर तिला कृष्णाबाई म्हणतात आणि दरवर्षी तिचा उत्सव करतात. पडद्यावर मात्र ती उत्तर हिंदुस्थानातील जी नदी हवी असेल ती होते. 'गंगाजल' (2003) या चित्रपटात वाईचा परिसर बिहारमधील तेजपूर झाला. 'स्वदेस' (2004) मध्ये मेणवली उत्तर प्रदेशातील चरणपूर झाली. 'दबंग' (2010) मध्ये वाई लालगंज झाली आणि 'चेन्नई एक्सप्रेस' (2013) मध्ये याच मुलखाला तमिळ शिकावे लागले. राष्ट्रीय एकात्मतेवर आजवर जेवढे परिसंवाद झाले, त्या सर्वांना मिळून जे साधले नाही ते एकट्या वाई तालुक्याने साधून दाखवले आहे.

ज्या गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, जेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जगातील ज्ञान मराठीत आणण्याचा उद्योग मांडला, ते गाव देशातील कोट्यवधी लोकांना ठाऊक आहे ते लालगंज म्हणून. नाना फडणीसांनी मेणवलीला वाडा आणि घाट बांधला, तेव्हा त्यांच्या दूरदृष्टीची कीर्ती दिल्लीपर्यंत पोचलेली होती. परंतु आपल्या घाटावर एके दिवशी 'नासा'तील शास्त्रज्ञ येऊन बसेल, हे त्यांच्याही हेरांना कळले नसावे.

विनोद बाजूला ठेवला तर यात अर्थशास्त्र आहे. वाईलाच का यावे? मुंबईहून पाच-सहा तासांचा रस्ता, जवळच पाचगणीची हॉटेले, दगडी घाट, जुनी देवळे, कौलारू घरे आणि पाणी. प्रत्यक्ष बिहारपर्यंत सारा लवाजमा नेण्यापेक्षा बिहारच वाईला आणणे स्वस्त पडते. भांडवल आपले पैसे जेथे वाचतात तेथे वस्तीला जाते, मग ते कापड गिरणीचे असो वा चित्रपटाचे. त्यात रागावण्यासारखे काही नाही. विचारण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

पडद्यावर जी जत्रा दिसते, त्या जत्रेतील माणसे कोण असतात? आसपासच्या गावांतील शेतमजूर, कॉलेजातील पोरे, हंगाम संपल्यावर रिकामी बसलेली माणसे. पहाटे टेम्पोत बसायचे, दिवसभर उन्हात थांबायचे, नायक आला की जयजयकार करायचा आणि अंधार पडल्यावर हातात पडेल ते घेऊन घरी यायचे. मजुरी ठरते ती माणसे पुरवणाऱ्या मध्यस्थामार्फत. ऊसतोडीतील मुकादमाचाच हा चुलतभाऊ; याने फक्त काळा चष्मा लावलेला असतो.

येथे शेजारच्या सांगली जिल्ह्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. काम मागेल त्याला काम, हे तत्त्व ज्यांनी शासनाच्या गळी उतरवले ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्या कामांवरही भ्रष्टाचार झाला, खोटी मस्टरे भरली गेली. पण खडी फोडणाऱ्या बाईला मस्टर दाखवा म्हणण्याचा हक्क होता, आणि त्या हक्कासाठी मोर्चे निघत होते. चित्रीकरणातील गर्दीला मस्टर नाही, म्हणून मोर्चाही नाही. नायकाबरोबर छायाचित्र मिळाले की निम्मी मजुरी पोचली असे समजणारा मजूर भांडवलशाहीला यापूर्वी कधी लाभला नव्हता.

'स्वदेस'चा गाभा तर अधिकच बोलका आहे. त्यात गावकरी स्वतःच्या कष्टाने पाण्यावर वीज निर्माण करतात आणि म्हातारीच्या झोपडीत दिवा लागतो. प्रेक्षकांचे डोळे भरून येतात, आणि ते योग्यच आहे. फक्त हे चित्रीकरण ज्या जिल्ह्यात झाले, त्याच जिल्ह्यात कोयना धरण आहे. महाराष्ट्राचे कारखाने ज्या विजेवर उभे राहिले, तिच्यासाठी कोयनाकाठच्या माणसांनी गावे सोडली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या पर्यायी जमिनीसाठी आंदोलने करीत राहिल्या. ही पटकथा कोणा निर्मात्याने मागितली नाही. तिच्यात नायक परदेशातून येत नाही, एवढाच तिचा दोष.

या दोन जिल्ह्यांचा चित्रपटाशी दुसराही एक संबंध आहे. तो पाहिला म्हणजे व्यवहार नीट उलगडतो. 'दो आँखें बारह हाथ' (1957) पुढच्याच वर्षी बर्लिनपर्यंत गाजला. त्याचे बीज आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील. औंध संस्थानाने 1939 साली तेथे कैद्यांची उघडी वसाहत वसवली, आणि कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशी मातीतले. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांच्या 'वैजयंता', 'फकिरा' या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ते स्वतः मात्र 1969 साली मुंबईत दारिद्र्यातच वारले. थोडक्यात, वाईचे निसर्गसौंदर्य जाते आणि आटपाडी-वाळव्याची प्रतिभा जाते. वरकड मूल्य जमा होते ते अंधेरी आणि जुहूला. कच्चा माल पाठवून पक्का माल तिकीट काढून विकत घ्यायचा, या व्यवहाराला दादाभाई नौरोजींनी काय म्हटले असते ते येथे जमलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

आता नटांविषयी. नट म्हणजे बाजारू माणूस असे समजण्याची एक सोवळी पद्धत पुरोगामी वर्तुळात आहे. ती सोडलेली बरी. 'सामना'मध्ये साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील निळू फुले यांनी असा उभा केला की खेडोपाडीच्या बायका त्यांना प्रत्यक्षातही शिव्या देत. 1975 साली तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. गंमत अशी की सहकारातील अनेक सम्राटांनी तो आनंदाने पाहिला, कारण प्रत्येकाला तो शेजारच्या कारखान्याचा वाटला. मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातला प्रश्न थेटरातून बाहेर पडताना प्रत्येकाने दुसऱ्याच्या खिशात टाकला.

पण हाच पडद्यावरचा खलनायक राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला होता. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू यांच्यासह सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात तो उभा राहिला. नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग गावोगाव केले, आणि पैसा गोळा झाला तो चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी. लोकांनी टाळ्या दिल्या नटांना, चूल पेटली कार्यकर्त्याची. प्रसिद्धीचे भांडवल सामाजिक मालकीचे करणे म्हणतात ते हेच.

आज उलट दिशेने पाणी वाहते. दहीहंडीला, दुकानाच्या उद्घाटनाला, वाढदिवसाला तारका येते. पाच मिनिटे हात हलवते. त्या हात हलवण्याची सुपारी ज्याने दिली तो पुढे निवडणुकीत ती व्याजासह वसूल करतो. याला हसणे सोपे आहे. अवघड गोष्ट ही की गर्दी जमेना म्हटल्यावर 'एखादा मालिकेतला चेहरा बघा की' ही सूचना पुरोगामी बैठकांतूनही येऊ लागली आहे. ज्या भागात शाहिरांनी डफावर प्रतिसरकार गावोगाव पोचवले, आणि 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या भागातील कार्यकर्त्याने गर्दीसाठी भाड्याचा चेहरा शोधावा, हा विनोद कोणत्याही चित्रपटातील विनोदापेक्षा वरचढ आहे. फक्त त्याला हसता येत नाही.

म्हणून करण्यासारख्या तीन गोष्टी. गर्दीत काम करणाऱ्यांची ग्रामपंचायतीकडे नोंद व्हावी आणि किमान वेतन हजेरीवर, हातात मिळावे. चित्रीकरणाचे भाडे ग्रामसभेपुढे जाहीर व्हावे आणि श्रेयनामावलीत गावाचे खरे नाव यावे. तिसरी गोष्ट कोणाकडे मागायची नाही: प्रत्येक तालुक्यात पुन्हा एक कलापथक उभे करायचे. त्याला कथा हवी असेल तर आटपाडीची पाणी परिषद आहे. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने दुष्काळी तालुके तेथे समान पाणीवाटप मागत आले. येरळेवरचे बळीराजा धरण आहे, ते लोकांनी स्वतः बांधले आणि त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला.

कृष्णाबाईची खरी भूमिका तेथे आहे. मेणवलीच्या घाटावर ती परप्रांतीय नदीचे सोंग उत्तम वठवते. तिचे कौतुक जरूर करावे. पण ताकारी, म्हैसाळ आणि टेंभूच्या पंपांतून वर चढताना तिला स्वतःच्या नावानेच वाहायचे असते, आणि माण, जत, आटपाडीत तिची वाट पाहणारी माणसे गर्दीचे काम करण्यासाठी जमलेली नसतात.