रोमच्या चौकातील दोन भाषणे



शेक्सपिअरचे 'ज्यूलियस सीझर' हे नाटक १५९९ साली लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याच्या तिसऱ्या अंकातील दुसरा प्रवेश आज आम्ही विचारासाठी घेतला आहे. सीझरचा खून झाला आहे. नागरिक जाब विचारीत आहेत. अशा वेळी दोन वक्ते लागोपाठ बोलतात. त्यांची भाषा काय काम करते, एवढेच आपण पाहू.

ब्रूटस गद्यात बोलतो. त्याची वाक्ये तोलून मापून घेतलेली. एका पारड्यात सीझरवरील प्रेम, दुसऱ्यात रोमवरील. सीझर महत्त्वाकांक्षी होता, असे तो सांगतो. पण दाखला मात्र एकही देत नाही. तरीही लोक जयजयकार करतात, आणि एकजण तर म्हणतो की, यालाच सीझर करा! म्हणजे ब्रूटसचा मुद्दा कोणाला कळलाच नव्हता.

मग अँटनी येतो. तो पद्यात बोलतो. ब्रूटसला तो पुन्हा पुन्हा 'आदरणीय' म्हणतो. पण मध्ये एकेक गोष्ट पेरतो. सीझरने खंडणीचा पैसा सरकारी खजिन्यात भरला, गरिबांसाठी तो रडला, राजमुकुट त्याने तीनदा नाकारला. शब्द तोच राहतो, अर्थ मात्र पार उलटतो. पुढे मृत्युपत्र आहे असे सांगून तो ते वाचायचे टाळतो, आणि सीझरचा झगा उचलून कोणते भोक कोणाच्या खंजिराचे ते दाखवतो. वास्तविक खुनाच्या वेळी अँटनी तेथे नव्हताच! मग हे त्याला कसे कळले? जमावातील कोणीही विचारीत नाही.

पुढच्याच प्रवेशात हा जमाव सिना नावाच्या कवीवर तुटून पडतो. त्याचा अपराध एवढाच, की कटवाल्यांपैकी एकाचे नाव सिना होते.

आम्ही विद्यार्थी असताना अँटनीचे भाषण हौसेने पाठ केले होते. झग्याविषयीची शंका तेव्हा आम्हांलाही आली नाही. आम्हीही त्या जमावातलेच झालो होतो.

भाषेची चिकित्सा हा केवळ पंडितांचा उद्योग नव्हे. सभेला जाणाऱ्या प्रत्येकाला ती हवी. बोलणाऱ्याला विचारावे, 'हे तुम्हांस कसे ठाऊक?' आरंभ आमच्यापासूनच करावा. घरी जाऊन तो प्रवेश वाचा आणि आमचे म्हणणे ताडून पाहा.