पंढरपूरचा वाडा घ्यायचा का?
(दिंडीच्या शतकपूर्ती मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कीर्तनाचा नाही, व्यवहाराचा आहे. पण तुकोबाराय स्वतः दुकान चालवत होते, तेव्हा व्यवहार वारकऱ्याला वर्ज्य नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून पंढरपुरात एक जुना पडका वाडा घेऊन तो नीट करावा, असं निम्म्या मंडळींचं म्हणणं. बाकीचे म्हणतात, पाडून स्लॅबची इमारत बांधा, नाहीतर घेऊच नका. भाव दोघांचाही चांगला आहे.

आधी गरज बघू. आषाढीला आपलं राहुट्यांत भागतं. पण कार्तिकी, माघी, चैत्री आहेच. एकादशीला खोली मिळत नाही, मिळाली तर तिसऱ्या मजल्यावर. आपल्यातली निम्मी माणसं आता गुडघे धरून चालतात. म्हणून जागा पाहिजे, आणि ती जमिनीला लागून पाहिजे. वाड्याला ओसरी आहे, चौक आहे. शंभर माणसं हरिपाठाला बसतील. स्लॅबच्या खोल्यांत माणसं झोपतील, पण भजनाला एकत्र बसायची कुठं?

आता वाड्याची तब्येत. मी तो कमिटीबरोबर बघितला. दगडी जोतं सरळ आहे. वर वीट आणि मातीची भिंत, सागवानी खांब. मागचा सोपा मात्र बसलाय. घर मरतं ते पायात नाहीतर डोक्यात. पायात ओल, डोक्यात गळती. मधलं सगळं दुरुस्त होतं. म्हणून खांबाचं बूड आणि तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक टोचून बघायचं. वाळवी तिथंच बसते. भिंतीला पोट आलंय का, ते ओळंबा लावून बघायचं. आणि एकदा भर पावसात जाऊन उभं राहायचं. उन्हाळ्यात सगळीच घरं चांगली दिसतात.

काही जण म्हणतात, वरून सिमेंटचा गिलावा मारला की झालं. तसं होत नाही. मातीची भिंत श्वास घेते. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिथं चुनाच पाहिजे. तुम्ही विठ्ठल मंदिराचं काम बघितलंय. 2024 साली 15 मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं, नंतर बसवलेल्या फरश्या काढल्या, मूळचा काळा दगड मोकळा केला आणि 2 जूनला दर्शन पुन्हा सुरू झालं. देवाच्या घराला जी रीत, तीच भक्ताच्या घराला.

लाकडाइतकेच कागद तपासा. मालमत्ता पत्रकावर किती नावं आहेत, सगळे वारस सही देणार का, आत भाडेकरू आहे का? मंदिराभोवती रस्ता रुंद करायच्या आराखड्यात ही जागा जाते का? पूररेषा कुठं आहे? उजनी आणि वीर धरणाचं पाणी सुटलं की चंद्रभागा कुठवर चढते, ते तुम्ही पाहिलंय. आपल्या शेजारी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले 2025 च्या मे महिन्यात पाडले. त्यात माणसांच्या जन्माच्या कमाया होत्या. वकिलाचा शोध अहवाल हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपया द्यायचा नाही. आपली दिंडी ट्रस्ट आहे, तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही आधी विचारायचं, मागून नाही.

आता खरा प्रश्न. चार वाऱ्या सोडून उरलेले दिवस तिथं दिवा कोण लावणार? बंद घर राबत्या घराच्या आधी पडतं. चूल पेटती असली की धुरानं लाकूड टिकतं, माणूस वावरता असला की फुटकं कौल त्याच दिवशी दिसतं. आपल्या चिंचवडचा चापेकर वाडा बघा. जुना वाडा लोकांनी पुन्हा उभा केला आणि तिथं माणसांचा राबता ठेवला, म्हणून तो आज उभा आहे. आणि गाडगेबाबा आठवा. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. बाबांनी घर बांधलं ते वापरासाठी, नावासाठी नाही.

पिंपरीत आपण काय केलं ते आठवा. रानं कारखान्यांत गेली, गावठाणातले वाडे बिल्डरला दिले. कुणाला दोष देत नाही, पोराबाळांना घरं मिळाली. पण जुनं सांभाळायची सवय आपली सुटली. वाडा घेतला तर ती सवय पुन्हा लावावी लागेल.

म्हणून माझं मत असं. वाडा घ्यावा, पाडू नये. पण तीन अटींवर. एक, कागद निखळ निघावेत. दोन, एक पावसाळा बघून जुन्या कामाच्या सुताराचा आणि गवंड्याचा होकार यावा. तीन, तिथं बारमाही राहणारं एक कुटुंब आधी ठरावं आणि त्याच्या पोटापाण्याची सोय आपण करावी. कर्ज काढायचं नाही. जेवढी वर्गणी, तेवढंच काम. पहिल्या वर्षी छप्पर, मग भिंती, मग न्हाणीघर, संडास. रंगरंगोटी शेवटी. यातली एक अट जरी मोडली, तरी मोह सोडायचा. शंभर वर्षं दिंडी राहुटीत चालली, आणखी चालेल. दिंडी विण्यावर उभी आहे, वाड्यावर नाही.