दोघांची शर्यत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चार शब्द बोला म्हणून चिटणीसबाईंनी आठ दिवस माझा पिच्छा पुरवला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. पण हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने मला एकच प्रश्न विचारला, "तुमचे दीर आणि जाऊबाई गोव्याला कसल्या शर्यतीला गेले होते?" एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावे, म्हणून उभी राहिले आहे.

या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचे, पाण्यातून निघून सायकल चालवायची आणि सायकल ठेवून पळायचे. मधे विश्रांती नाही. कपडे बदलायला लागणारा वेळही घड्याळात धरतात. हिच्यात एक फार लांब पल्ल्याची असते, तिला आयर्नमन असे नाव आहे. पोहणे ३.८ किलोमीटर, सायकल १८० आणि पळणे ४२.२ किलोमीटर. आमची मंडळी गेली ती याच्या निम्म्या पल्ल्याची होती. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळायचे. आपल्या हिशेबाने सांगायचे, तर सायकलवर निपाणीला जाऊन यायचे, वर आणखी थोडे चालवायचे, आणि उतरल्याबरोबर पन्हाळ्यापर्यंत पळत सुटायचे. त्याआधी समुद्र आहेच.

आता गंमत ऐका. ही लांब पल्ल्याची शर्यत काढली तीच मुळी एका नवराबायकोने. अमेरिकेच्या आरमारातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी कॉलिन्स. १९७४ साली सॅन दिएगो येथे तीन खेळांची एक छोटी शर्यत झाली, तीत या जोडप्याने भाग घेतला होता. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. तेथे पोहणारे श्रेष्ठ की पळणारे, असा वाद निघाला. या दोघांनी तोड काढली. तेथे होत असलेली पोहण्याची, सायकलची आणि पळण्याची अशा तीन निरनिराळ्या शर्यती जोडून एकाच दिवशी घ्यायच्या, आणि पहिल्याला लोहपुरुष म्हणायचे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली. त्यात बाई एकही नव्हती. पण दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, लिन लेमेअर नावाची बाई उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. मागे फक्त चार पुरुषांची पाठ पाहिली तिने! १९८२ साली ज्युली मॉस ही तेवीस वर्षांची मुलगी बायकांत सर्वांच्या पुढे होती. शेवटची रेघ दिसत असता तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. मागची मुलगी पुढे निघून गेली. पण ज्युली रांगत रांगत रेघेपर्यंत गेली. २९ सेकंदांनी ती दुसरी आली. पहिलीचे नाव कॅथलीन मॅकार्टनी. आज लोक पहिलीपेक्षा दुसरीचीच आठवण अधिक काढतात.

आपल्याकडे गोव्यात पणजीला ही निम्म्या पल्ल्याची शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा झाली. आमचे धाकटे दीर ती पाहून आले आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आमच्या जाऊबाई माहेरी नदीत पोहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटेच का? मीही येते."

घरात चर्चा झाली. लहान मूल आहे, स्वयंपाकपाणी आहे, आणि सुनेने पोहण्याचा पोशाख घालून चार माणसांत जायचे हे कसे दिसेल, असे नातेवाइकांत बोलले गेले. तेव्हा आमच्या सासूबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "मी पाठीला भोपळा बांधून पंचगंगेत पोहायला शिकले. तेव्हा कुणी विचारले नाही, आणि आता काय विचारता?" त्यावर सगळे गप्प बसले.

पण भगिनींनो, परवानगी मिळाली म्हणजे वेळ मिळाला असे नाही. पुरुषाने पहाटे साडेचारला सायकल बाहेर काढली की तो निघाला. बाईने काढली तर दूध कोण तापवणार, डबे कोण करणार, मूल उठले तर कोण घेणार? आम्ही पाटीवर आठवड्याचा हिशेब मांडला. तीन दिवस पहाटेची चूल माझी, दोन दिवस सासूबाईंची, आणि दोन दिवस चक्क आमच्या ह्यांची! पहिले पोहे खारट झाले, ते सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले. संध्याकाळचा स्वयंपाक जाऊबाईंकडे, आणि भांडी दीरांकडे. असे दहा महिने चालले. तरणतलावात पोहणे, कागलच्या रस्त्याने सायकल आणि रंकाळ्याभोवती पळणे. चार वर्षांची आमची पुतणी विचारी, "आई आज ओली येणार की कोरडी?"

खाण्याचेही एक शास्त्र असते. इतके तास अंग चालायचे तर पोटात सतत थोडे थोडे पडायला हवे, आणि घामाबरोबर मीठ जाते तेही भरून यायला हवे. नुसते पाणी ढोसत राहिले तर तेही बाधते, रक्तातले मीठ कमी पडते. मी राजगिऱ्याचे लाडू केले, गुळाची चिक्की केली, केळी तर होतीच. लिंबू, मीठ आणि साखरेचे पाणी तर आपल्या घराघरांतले औषध. मात्र शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचे नाही. जे महिनोन्‌महिने पोटाने मानले तेच खायचे.

आता या शर्यतीचे नियम सांगते, कारण मला त्यांनीच फार विचार करायला लावले. नवराबायको एकाच दिवशी उतरतात, पण जोडीची शर्यत नसते. ज्याचे घड्याळ त्याचे. सायकलवर पुढच्याच्या मागे बारा मीटरांचे अंतर ठेवायचे, कारण जवळ राहिले की पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि ती फसवणूक ठरते. म्हणजे नवराबायकोने शेजारी शेजारी गप्पा मारीत जायचे नाही. बाहेरच्या माणसाकडून पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. पोहणे १ तास १० मिनिटांत झाले पाहिजे, सायकल संपेपर्यंत एकूण साडेपाच तास, आणि सगळे मिळून साडेआठ तास. वेळ चुकली की थांबवतात.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही सगळे पणजीला गेलो. मिरामारच्या वाळूवर टोप्या घातलेली शेकडो डोकी पाण्यात शिरली, त्यांत आपली दोन कोणती ते ओळखू येईना. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. जाऊबाई ५२ मिनिटांत बाहेर आल्या, दीर त्यांच्याही आधी. सायकली निघाल्या. ऊन असे, की सावलीत बसून आमचे पदर भिजले.

मग झाले ते जाऊबाईंनी नंतर सांगितले. दीरांची सायकल पंक्चर झाली. जवळची ट्यूब घालून ते निघाले, तर काही अंतरावर दुसऱ्यांदा पंक्चर. ते रस्त्याच्या कडेला बसले असता मागून जाऊबाई आल्या आणि थांबल्या. आपली ट्यूब काढून देऊ लागल्या. दीर म्हणाले, "तुझी पंक्चर झाली तर? थांबू नकोस. जा." त्या म्हणाल्या, "मग दोघांचे काय ठरले होते?" दीर म्हणाले, "दोघांपैकी एकाने तरी पोचायचे. जा म्हणतो ना!"

जाऊबाई गेल्या. दुरुस्तीची गाडी येऊन चाक नीट होईपर्यंत दीरांचा वेळ निघून गेला. सायकल संपवली, पण घड्याळ पुढे गेले होते. त्यांना पळू दिले नाही.

ते आमच्यापाशी येऊन उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. हातात पाण्याची बाटली होती. जाऊबाई समोरून पळत आल्या, चेहरा लाल, ओठ सुकलेले. दीरांचा हात पुढे गेला आणि मागे आला. सकाळी जो सोबती होता तो दुपारी बाहेरचा माणूस झाला होता. त्याने पाणी दिले तर बायको बाद! तेव्हा त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जाऊबाई दिसेनाशा होईपर्यंत वाजवीत राहिले. ८ तास ४ मिनिटांनी जाऊबाईंनी रेघ ओलांडली.

घरी आल्यावर आळीतल्या एका गृहस्थांनी हसत विचारले, "काय, बायको पुढे आणि नवरा मागे?" दीरांना ते लागले. दोन दिवस त्यांनी जेवताना मान वर केली नाही. जाऊबाईंनीही पदक पेटीतच ठेवले, बाहेर काढले नाही. आनंद झाला तरी तो घरात दाखवायचा की लपवायचा, हे बाईलाच का ठरवावे लागते? पुरुष जिंकला असता तर आम्ही पेढे वाटले असते.

तिसऱ्या दिवशी दीरांनी स्वतः पेढे आणले, आणि पहिला पुडा त्याच गृहस्थांच्या घरी नेऊन दिला. म्हणाले, "आमच्या घरात पदक आले आहे, तोंड गोड करा." चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला सायकलची घंटी वाजली. एकीची नव्हे, दोघांच्या. २०२४ च्या ऑक्टोबरात दोघेही पुन्हा गेले आणि दोघांनीही शर्यत पुरी केली.

भगिनींनो, तुम्ही सगळ्यांनी समुद्रात उड्या घ्या असे मी सांगत नाही. ज्यांना दम लागतो, गुडघे दुखतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळूही नये. पण एक मागणी आपल्या मंडळापुढे ठेवते. बाईला कमी पडते ती ताकद नव्हे, सकाळचा एक तास. तो तास तिला कुणीतरी दिला पाहिजे. आपल्या मंडळाची खोली सकाळी रिकामी असते. आपण पाळ्या लावून तेथे मुले सांभाळली, तर चालायला, पोहायला, योगासनांना कितीतरी जणींना जाता येईल. पहिल्या महिन्याची सोमवारची पाळी मी घेते. चिटणीसबाईंनी माझे नाव लिहून घ्यावे, आणि ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांच्या वहीत आपापला वार सांगावा.