कष्टकऱ्यांची नाडी



अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेल्या, आणि निजामशाहीच्या पूर्वजांचे गाव म्हणून इतिहासकार फिरिश्त्याने नोंदविलेल्या या पाथरीत वैद्यक परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल आभार मानून मी थेट विषयाकडे वळतो.

आपल्याकडे रोगी येतो, बाकावर बसतो, दम खातो, आणि मग आपण त्याची नाडी पाहतो. म्हणजे ज्या श्रमांनी ते शरीर झिजते, ते श्रम चालू असताना ते शरीर आपल्या दृष्टीस कधीच पडत नाही. ही उणीव अमेरिकेतील मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांनी हेरली आणि हृदयाचा विद्युत्‌लेख बिनतारी पाठविणारे यंत्र सिद्ध केले; ते सुमारे ३८ किलो वजनाचे असून पाठीवर वागवावे लागे, आणि त्या ओझ्यानेच निरोगी हृदयही धडधडले असेल, हा भाग निराळा! आज मनगटावरील घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परतणाऱ्या प्रकाशातील चढउतारावरून ठोके मोजते.

तथापि मला अधिक अगत्य वाटते ते आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञानाच्या संशोधिकांचे, ज्यांनी शेतकरी स्त्रियांच्या हृदयाचे ठोके प्रत्यक्ष कामात मोजून त्यांच्या कष्टांचा भार आकड्यांत मांडला. कापसाच्या वेचणीत मनगट क्षणभर स्थिर नसते. बोंडातून कापूस ओढावा, ओटीत टाकावा, पुन्हा पुढच्या झाडाकडे वळावे, अशा हालचालीत प्रकाशावर चालणारे घड्याळ सहज फसते, आणि म्हणून हृदयाची विद्युत्‌स्पंदने टिपणारा छातीचा पट्टाच तेथे अधिक भरवशाचा. वर्गीस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रमाणानुसार मिनिटाला १०६ ते १२० ठोके पडले तर काम मध्यम जड, १२१ ते १३५ पडले तर जड समजावे.

परंतु येथेच वैद्याने सावध व्हावे. ऑक्टोबरच्या उन्हात रक्त त्वचेकडे वळवून शरीर थंड राखण्यासाठीही हृदयाला धावावे लागते, आणि पांडुरोगाने ग्रासलेल्या बाईचे हृदय, रक्तातील प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी, हलक्या कामातही जलद चालते. यंत्राच्या दप्तरी मात्र श्रम, ऊन आणि पांडुरोग हे तिन्ही मामले एकाच आकड्यात जमा होतात. त्यांची वाटणी करणे यंत्राचे काम नव्हे, आपले आहे. आणि हिमोग्लोबिन न तपासता पट्ट्याच्या आकड्यावरून मत देणाऱ्या व्यवसायबंधूला मी तरी जाणकार म्हणणार नाही.

दुसरी धास्ती या नोंदींच्या मालकीची. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या आपल्या तालुक्यातूनही बाहेर पडतात. उद्या हा पट्टा मुकादमाने वाटला, तर ज्या आकड्यावरून विसावा ठरायचा त्यावरूनच उचल आणि हजेरी ठरू लागेल. शरीराची नोंद ज्याच्या शरीराची त्याच्या हाती राहावी, आणि मुकादमाला वा विमेवाल्याला ती त्याच्या राजीखुशीवाचून मिळू नये, एवढा ठराव तरी या परिषदेने करावा.

माझी विनंती माफक आहे. येत्या वेचणीत प्रत्येकाने आपल्या गावच्या काही बायांचे, त्यांच्या संमतीने, आधी हिमोग्लोबिन तपासावे, मग पट्टा बांधावा, शेजारी त्या वेळचे तापमान लिहावे, आणि तो कागद प्रथम त्यांना वाचून दाखवावा. आपल्या दप्तरी ठेवायची ती नक्कल.