उभे विमान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीला ‘वापरलेले लहान विमान विकत घेण्यापूर्वी कसे तपासावे’ हा विषय पाहून आपल्यापैकी कित्येकांना गंमत वाटली असेल. पोटापाण्यासाठी रायपुरास आलेल्या मराठी माणसाने आधी सायकल घेतली, मग स्कूटर, पुढे मोटार. विमान घेण्याचा योग क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. परंतु हल्ली आपली मुलेमुली वैमानिक होऊ पाहतात, चार मित्र मिळून जुने विमान घेण्याचा बेत करतात, आणि मग माझ्यासारख्या निवृत्त विमान-अभियंत्याला फोन येतो, ‘काका, एकदा येऊन पाहता का?’ शिवाय शिकाऊ विमाने बहुधा जुनीच असतात. ज्यांची मुले त्यांत बसतात, त्या आईवडिलांनाही हे ठाऊक असलेले बरे.

विमान ही वस्तू आपणांस तितकीशी परकीही नाही. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्राध्यापक प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान घडविले. ते १९५१ साली उडाले. १९५८ साली त्यांचे दोन आसनी ‘पुष्पक’ आले. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, धातूच्या सांगाड्यावर ताणलेले कापड, असा साधा संसार. देशातील फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या पिढ्या या पुष्पकावर हात बसवून बाहेर पडल्या. अशा कापडी विमानाचा रंग कितीही ताजा असो, तपासणाऱ्याने आधी शेपटीकडच्या खालच्या नळ्यांशी वाकावे. पावसाचे पाणी तेथे साचते आणि नळी आतून गंजते.

गावाकडे बैल घेताना जाणता शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. विमानाच्या बाजारात मात्र शिकलेली माणसेही शिंगांच्या रंगाला भुलतात. तिथला सर्वांत मोहक रंग म्हणजे जाहिरातीतील एक वाक्य : ‘फारच थोडे तास उडालेले विमान.’ मोटारीच्या सवयीने आपण समजतो की कमी वापर म्हणजे कमी झीज. विमानाच्या बाबतीत हा समज अनेकदा उलटा ठरतो.

उभे राहिलेले विमान म्हणजे काय, हे रायपूरकरांना मी काय सांगावे! ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले बांगलादेशी कंपनीचे एक एमडी-८३ विमान इंजिन बिघडल्यामुळे आपल्या माना येथील विमानतळावर उतरले. प्रवासी सुखरूप गेले, विमान मात्र राहिले. वर्षांमागून वर्षे ते ऊन-पाऊस खात उभे होते आणि जागेचे भाडे चढत चढत कोट्यवधींच्या घरात गेले. ते मोठे जेट, आपला विषय लहान विमानाचा; पण दोन गोष्टी दोघांनाही लागू पडतात. धातू उभ्या उभ्याही झिजतो, आणि विमानावरचे देणे विमानाबरोबरच चालत येते. म्हणून नोंदणीच्या कागदावर कोणाचे गहाण आहे काय आणि तळाचे भाडे थकले आहे काय, हे सौद्याच्या आधी लेखी विचारावे.

आता इंजिनाकडे वळू. सेसना १७२ हे जगात सर्वांत अधिक संख्येने बनलेले विमान. ४४,००० हून अधिक झाली. त्यातील पुष्कळांत लायकमिंग कंपनीचे ओ-३२० जातीचे इंजिन असते. निर्मात्याच्या शिफारशीप्रमाणे ते २,००० तासांनी अथवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, संपूर्ण उकलून दुरुस्त करावे. ‘अथवा १२ वर्षांनी’ हे शब्द खरेदीदार वाचतो आणि विसरतो. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. इंजिन थांबले की त्यावरचे तेल हळूहळू खाली निथळते आणि पोलाद उघडे पडते. आपल्याकडचे चार महिन्यांचे दमट वारे त्या उघड्या पोलादाला पुरेसे होतात. आठवड्यातून एकदा तासभर उडणाऱ्या विमानात तेल पुन्हा पुन्हा वर चढते. हँगरमध्ये झाकून ठेवलेल्या देखण्या विमानात ते चढत नाही.

काही वर्षांपूर्वी तिघा मित्रांनी असेच एक चार आसनी विमान पसंत केले होते. गाव आणि विक्रेता यांची नावे घेण्याचे कारण नाही. संपूर्ण दुरुस्तीनंतर इंजिन अवघे ३१० तास चाललेले. त्यांपैकी मागील सहा वर्षांत सारे मिळून १४ तास. विसाराचा चेक लिहून तयार होता. मी प्रथम सिलिंडरांचा दाब पाहिला. ही परीक्षा मोठी सोपी आणि बोलकी आहे. गरम इंजिनाच्या एकेका सिलिंडरात ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि आत किती टिकते ते पाहायचे. ७० च्या वर टिकली तर ठीक, ६० च्या खाली गेली तर चिंता. मग कान लावायचा. धुराड्यातून फुसफुस आली तर धूर सोडणारा व्हॉल्व्ह गळतो, कार्ब्युरेटरकडून आली तर हवा घेणारा, आणि तेलाच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. येथे चारही सिलिंडर उत्तम निघाले. मित्रांचे चेहरे खुलले.

परंतु दाबाच्या या परीक्षेला कॅमशाफ्ट दिसत नाही. मी एक सिलिंडर उतरवून आत पाहण्याची परवानगी मागितली. मालक म्हणाले, ‘चालते इंजिन उघडायचे कशाला?’ त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. परक्या माणसाने आपले इंजिन खोलावे हे कोणाला रुचेल? खर्च खरेदीदाराचा आणि पुन्हा जोडून देण्याची हमी लेखी, असे ठरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला. सिलिंडर निघाला, बॅटरीच्या उजेडात कॅमशाफ्ट दिसला. त्याच्या उंचवट्यांवर देवीच्या व्रणांसारखे तांबूस खड्डे पडले होते. असे इंजिन सुरू होते, उडतेही. पुढे त्या खड्ड्यांतून पोलादाचे कपचे सुटतात, तेलातून सर्वत्र फिरतात, व्हॉल्व्ह पुरता उघडेनासा होतो आणि शक्ती घटते. ती कोठे घटेल, धावपट्टीवर की झाडांच्या शेंड्यांवर, हे कोणी सांगू शकत नाही. तिघांपैकी एकाने मुलीच्या वैमानिक-शिक्षणासाठी साठविलेली पुंजी या सौद्यात घातली होती, आणि ती मुलगी त्याच विमानावर तास भरणार होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चेक घडी करून खिशात ठेवला.

उभ्या विमानात बिऱ्हाड करणारेही पुष्कळ. उंदीर पंखात घरटे करतात, आणि कुंभारीण माशी वेग मोजणाऱ्या पिटो नळीत चिखलाचे घर बांधते. हसण्यावारी नेऊ नका. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. ते विमान काही दिवस तळावर उभे होते आणि त्याची पिटो नळी बहुधा अशाच माशीने बुजविली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सांगाडा, इंजिन आणि पंखा यांची लॉगबुके वेगवेगळी असतात. तिन्ही पहिल्या पानापासून हवीत. इंजिनावर ठोकलेला क्रमांक वहीतील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. सक्तीचे दुरुस्ती-आदेश कधी पाळले, त्याच्या नोंदी मागाव्यात. सेसनाच्या आसनाचे रूळ हे त्याचे ठळक उदाहरण. रुळाची भोके झिजून लांबट झाली की खिळ निसटते आणि उड्डाणाच्या क्षणीच आसन मागे सरकते. वैमानिक आधारासाठी सुकाणू ओढतो, विमान नाक वर करते आणि वेग हरवून कोसळते. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने १९८७ साली याविषयी सक्तीचा आदेश काढला. आसनावर बसून ते दोन्ही हातांनी हलवून पाहण्यास अर्धे मिनिट लागते, आणि आश्चर्य म्हणजे ते बहुतेक कोणी करीत नाही.

तपासनीस आपला असावा, विक्रेत्याच्या विमानाची वर्षानुवर्षे निगा राखणारा नसावा. तो माणूस प्रामाणिक असला तरी स्वतःच्याच सहीवर शंका घेणे त्याला जड जाते.

उड्डाण करून पाहणे शेवटी. तोवर विसार देऊ नये. आणि विमान उतरल्यावर लगेच चहाला जाऊ नये. इंजिन गरम असतानाच वरचे झाकण पुन्हा उघडावे. सकाळी पुसून ठेवलेल्या इंजिनावर तेल कोठून गळते, ते त्या दहा मिनिटांतच दिसते.